डाव्या पायाला काम नसलेली गाडी

अग्रहार, म्हैसूर
११ जून १९७४

ती. सुमित्रामावशी,

हे पत्र मी रामनवमीपासून लिहितोय. लिहितोय म्हणजे उद्या लिहीन म्हणतोय. पहिलं पाकीट आणलं त्याच्यावर दुकानातल्या शांताक्कानं कुणाच्या तरी ब्लाउजची मापं लिहून ठेवली. दुसरं खिशात घालून पिरियापट्टणला दोस्ताकडे गेलो. त्याच्याकडे तंबाखू वाळवायची भट्टी आहे, रात्रंदिवस आग सांभाळावी लागते. मी सुम्ने, उगाच आपलं बघायला गेलो, तीन दिवसांचे अकरा झाले. त्या भट्टीत पानं आधी पिवळी होतात, मग लिंबासारखी, मग एकदम सोन्यासारखी. आणि वास असा, की जेवण नको वाटतं. पाकिटालाही तोच वास लागला म्हणून ते टाकलं. हे तिसरं.

मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी वेंकोबा, गुंडेराव शिंप्यांचा भाचा. नागरत्नामामी तुमच्या गंगाधररावांची चुलत बहीण, त्या हिशोबानं तुम्ही मावशी नाही, पण मला मावशी म्हणायला बरं वाटतं. मी मॅट्रिक नापास. लॉरीवर क्लीनर होतो, गोव्यात हॉटेलात होतो, जत्रेत फोटोवाल्याबरोबर फिरलो. मामा म्हणतात, "हा एका मोसमापेक्षा जास्त कुठं टिकत नाही." आता तीन महिने झाले, इथेच आहे.

काम असं की मामांची गाडी घसरायला लागली आहे. रस्त्यावरून नाही हो, आतल्या आत. गार असते तोवर शहाणी. दर सोमवारी मामीला घेऊन नंजनगूडला देवळात जातो, दहा मैल झाले की सुटते. इंजिन गिरणीसारखं ओरडतं आणि गाडी मनात नसल्यासारखी चालते. गेल्या सोमवारी पुलाच्या चढावर एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. वर गाडीवान विचारतो, "दोर बेका?" दोर हवा का म्हणे! मामी हसली. मामा हसले नाहीत.

गॅरेजवाला सत्यनारायण मेस्त्री म्हणतो, हा ऑटोमॅटिक गिअर म्हणजे बंद पेटी, म्हैसुरात कुणी उघडलेली नाही. काढून टाका, माझ्याकडे टॅक्सीचा साधा गिअरबॉक्स आहे, क्लचसकट बसवतो. श्रावण संपेपर्यंत ठेवतो, नंतर दुसऱ्याला देणार. मामांनी विचारलं, "आणि क्लच कोण दाबणार?" मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "हा आहे की."

तुम्हाला ठाऊकच आहे, मामांचा डावा पाय लहानपणच्या तापात वाळला. शिलाईचं मशीन पण एकट्या उजव्या पायानं मारतात. क्लच आला की मामांचं गाडी चालवणं संपलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रात्री म्हणाले, "धारवाडला लिही. वहिनींकडे हीच गाडी आहे, त्यांना काय अनुभव आला विचार." आणि मी अडीच महिने लावले. रागावू नका. रागवा हवं तर, पण उत्तर द्या.

तुमचा वेंकोबा

*

धारवाड
१९ जून १९७४

चि. वेंकोबास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पस्तीस वर्षं मुलींचे निबंध तपासले त्यामुळे सवय जात नाही: गाडीच्या दुखण्यापेक्षा तंबाखूच्या भट्टीला तू जास्त जागा दिली आहेस. असो. भट्टीचं वर्णन चांगलं आहे.

तुम्हा सगळ्यांना वाटतं की आमच्या घरी गाडीतलं 'ह्यांना' कळत होतं. कालव्यावरचे इंजिनिअर, तेव्हा कळत होतंच. पण ते सहा-सहा महिने साइटवर, आणि गाडी माझ्याकडे. शाळेत मी तीच घेऊन जात असे. मुली फाटकाशी उभ्या राहून बघायच्या, बाई गिअर न टाकता कशा येतात म्हणून. तेव्हा तू जे विचारतोस ते मला विचारतो आहेस, त्यांच्या वतीनं नाही.

आमची गाडी उत्तम आहे. दर रविवारी फिरवते.

आता ऐक. या गिअरपेटीत गिअर पकडण्याचं काम तेल करतं. तेल कमी झालं किंवा चुकीचं असलं की पकड सुटते. तापल्यावर जास्त. मेस्त्रीला पेटी उघडू देऊ नकोस. आधी तेल मोज. इंजिन बंद करून मोजू नकोस, सगळे तिथेच फसतात. तेव्हा भरलेलं दिसतं. चार मैल चालव, गाडी उभी कर, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू ठेव, मग पट्टी काढून बघ. किती आहे ते लिही. रंग लिही. ते तेल लाल असतं, कोकमाच्या सारासारखं. वास जळका येतो का तेही लिही. खाली जमिनीवर ठिबकतं का बघ.

आणि विषयांतर कर हवं तर, पण हे चार प्रश्न आधी.

सुमित्राबाई

*

म्हैसूर
२ जुलै १९७४

ती. मावशी,

चार प्रश्न आधी. एक, तेल पट्टीच्या खालच्या रेघेच्याही खाली. दोन, रंग लाल नाही. पांढरट, पाण्यात चहाचा थेंब पडावा तसं. तीन, जळका वास थोडाच, बाकी ओळखीचा वास आहे पण आठवत नाही कुठला. चार, जमिनीवर एक थेंब नाही. मी रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी त्यावर मांजर झोपलेलं, बाकी कोरडं. मला वाटतं मेस्त्रीनंच काहीतरी भलतं तेल ओतलंय. मी त्याला विचारायला गेलो तर भांडण झालं. तो म्हणतो पेटीला बोटही लावलं नाही. कोण खरं बोलतं!

आता विषयांतर. काल सोमवार, पुन्हा नंजनगूड. पुलावर गाडी परत सुटली. पण गंमत म्हणजे मागून पांढऱ्या धुराचा लोटच्या लोट. देवळापाशी फुलं विकणारी तुंगा म्हातारी आमच्या गाडीला 'धुपाची गाडी' म्हणते. म्हणे देवाच्या जवळ आली की आपोआप धूप घालते. लोक नमस्कार करायला लागलेत. मामीनं काचेतून एकाला आशीर्वाद पण दिला.

दुकानात वेगळंच महाभारत. शांताक्का काजं करते आणि कृष्णवेणी मशीनवर बसते, दोघींचं आठ दिवस बोलणं बंद. कारण काय, तर मशीनचं तेल. बाटली आणली की संपते. कृष्णवेणी म्हणते, "अक्का डोक्याला लावते की काय!" शांताक्का म्हणते, "माझ्या डोक्याला खोबरेल परवडतं गं!" मशिनं कोरडी, कर्रकर्र वाजतात. मामा मध्ये पडत नाहीत. मुकाट्यानं मोठा डबाच घेऊन आले परवा, आणि तोही अर्धा झाला. दुकानात चार मशिनं, हत्ती नाहीत.

तुमची गाडी चढावर कशी वागते ते लिहा. शेवटच्या रविवारी कुठे गेला होतात?

वेंकोबा

*

धारवाड
९ जुलै १९७४

चि. वेंकोबा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हसले. चार प्रश्नांच्या उत्तरांत मला काहीच सापडलं नाही. सगळं विषयांतरात होतं.

गाडीतलं तेल कमी होतं, पण जमिनीवर पडत नाही. मग जातं कुठे? तुमच्या 'धुपा'त. गिअरपेटीच्या अंगाला एक छोटी पत्र्याची डबी आहे, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी. तिच्यातून एक बारीक रबरी नळी इंजिनाकडे जाते. डबीच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला की इंजिन त्या नळीतून पेटीतलं तेल ओढून घेतं आणि जाळतं. म्हणून पांढरा धूर. नळी काढ. आतून ओली निघाली तर माझं म्हणणं खरं.

आणि तुला जो वास आठवत नाही तो तुझ्या मामांच्या दुकानाचा आहे. बाळ, दुकानात चार मशिनं आहेत आणि हत्ती नाही म्हणतोस. हत्ती बाहेर उभा आहे, चार चाकांवर.

मेस्त्रीची माफी माग. मामांना विचार, पण बायकांसमोर नको. आणि चढलेल्या आवाजात नको.

माझ्या गाडीचं विचारलंस. ठीक आहे.

सुमित्राबाई

*

म्हैसूर
२४ जुलै १९७४

ती. मावशी,

नळी ओली निघाली. पिळली असती तर वाटीभर तेल निघालं असतं. मेस्त्रीची माफी मागितली. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "ती बाई धारवाडला बसून बघते? मग इथल्या सगळ्याच गाड्या त्यांना दाखवू."

मामांना विचारायला मला दहा दिवस लागले. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भलतंच बोललो, एकदा तर केस कापून येऊ का म्हणालो. शेवटी शनिवारी दुकान बंद करताना ते एकटे होते. मी तेलाचा डबा नुसता टेबलावर ठेवला. मामा खडूचा तुकडा बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं या तेलावर आपलं घर चाललं वेंकू. ते गाडीला बाधेल असं मला कसं वाटावं?"

मी विचारलं, आधी लाल तेल कुठून यायचं? तर म्हणाले, गंगाधरराव पाठवायचे. दर सहा महिन्यांनी रेल्वेनं डबे. गाडीही त्यांनीच शोधून दिली होती, कुठल्याशा कॉफीच्या मळ्यातून. मामा तेव्हा म्हणाले होते, लंगडा माणूस मी, गाडी काय करू? आणि गंगाधरराव म्हणाले होते, "गुंडेराव, ही गाडी तुमच्याच मापाची आहे. डाव्या पायाला काम नाही."

ते गेल्यावर डबे बंद झाले. मी म्हणालो, मग वहिनींना का नाही लिहिलंत? मामा म्हणाले, "नवरा गेलेल्या बाईला काय लिहू? तेल पाठवा?" चार वर्षं माणूस गप्प बसून मशीनचं तेल ओतत राहिला बघा.

परवा श्रावणातला पहिला सोमवार. मामा म्हणाले गाडी नको, बसनं जाऊ. बसला ही गर्दी. पायरी उंच, त्यात कंडक्टर घाई करतो. मामांनी उजवा पाय टाकला, डावा ओढेपर्यंत बस हलली. मी धरलं म्हणून. ते खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही जा." मामी आणि मी गेलो. तुंगा म्हातारीनं विचारलं, धुपाची गाडी कुठंय? मामी म्हणाली, "दुरुस्तीला." आणि मालक? मामी फुलं न घेताच आत गेली.

मी ती डबी शोधायला बंगळूरला गेलो. भंगारबाजार सगळा पालथा घातला, असली डबी कुणाकडे नाही. आणि त्याच दिवशी परत आलो बरं का. मामीला पटेना, दोनदा विचारलं, "खरंच गेला होतास?" जुना लॉरीवाला दोस्त भेटला, मंगळूरला चल म्हणाला. समुद्र आहे, मासे आहेत. मी म्हणालो श्रावण संपू दे.

मेस्त्री टॅक्सीचा गिअरबॉक्स धुऊन-पुसून तयार ठेवतोय. काय करू?

वेंकोबा

*

धारवाड
१ ऑगस्ट १९७४

चि. वेंकोबा,

मी तुला खोटं लिहिलं होतं. रविवारी गाडी फिरवते हे खोटं. 'हे' गेल्यापासून मी शेडचं दार उघडलेलं नाही. रोज त्या दारावरून तुळशीला पाणी घालायला जाते, तेवढंच. लोकांनी विचारलं की उत्तम आहे म्हणते. चार वर्षं म्हणते आहे. आता खरंही वाटायला लागलं होतं.

तुझं पत्र आल्यावर कुलूप उघडलं. गाडीवर बोटभर धूळ. मागच्या फळीवर लाल तेलाचे चार डबे होते. प्रत्येकावर ह्यांच्या अक्षरात रंगानं लिहिलेलं: 'गुंडेराव, म्हैसूर'. ऑक्टोबरचा हप्ता. हे सप्टेंबरात गेले.

तेव्हा ते डबे माझे नव्हतेच. गुंडेरावांनी मागितले असते तर मला शेड उघडावी लागली असती, आणि मी बरी झाले असते थोडी लवकर. हे त्यांना सांग. किंवा नको सांगूस.

कॉलेजच्या गॅरेजमधला एक समजूतदार मिस्त्री बोलावला. त्यानं खाली झोपून आमच्या गाडीची डबी काढली. पडदा शाबूत आहे. डबी आणि चार डबे आज रेल्वेनं पाठवले. पावती सोबत आहे. पेटीतलं मशीनचं तेल सगळं काढा, थेंब न ठेवता; मग लाल भरा, इंजिन चालू ठेवून मोजा. आतले पट्टे जळले नसतील तर गाडी धावेल. जळले असतील तर माझ्याकडे उपाय नाही.

आमच्या गाडीची काळजी करू नका. तिच्या डबीची जागा रिकामी आहे, इतकंच. तशीही ती कुठे जाणार होती? चावी कुठे ठेवली तेही मला आठवत नाही.

सुमित्राबाई

*

म्हैसूर
१४ ऑगस्ट १९७४

ती. मावशी,

धावली!

पार्सल घेऊन स्टेशनवरून टांग्यानं आलो. मध्ये एक अस्वलवाला होता, थांबलो नाही. ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट समजा. मामांनी डब्यावरचं अक्षर बघितलं आणि डबा तसाच मांडीवर घेऊन बसले. मामी म्हणाली, "दादाचंच अक्षर." मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, सगळं. नको सांगूस म्हणालात तोवर ते वाचून झालं होतं.

मेस्त्री स्वतः खाली झोपला. जुनं तेल काढलं, दोनदा निथळवलं. डबी बसवली, लाल तेल भरलं. रिकामे डबे मामांनी दुकानात कपाटावर ओळीनं ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाहीत.

परवा श्रावणातला शेवटचा सोमवार. मामा गाडीवर, बाजूला मामी, मागे मी आणि मेस्त्री. मेस्त्री म्हणाला, बघायचंच आहे मला. दहा मैल गेले. पूल आला. मामांनी पाय दाबला आणि मावशी, गाडी अशी चढली, जशी कात्री नव्या कापडातून जाते. मामा म्हणाले, "पकडलं." बस्स, एवढंच. मामी म्हणाली, "स्वल्प हळू." मेस्त्री मागे बसून कन्नडमध्ये देवाचं नाव घेत होता. तुंगा म्हातारी नाराज, आज धूप नाही म्हणून. मामांनी तिच्याकडून सगळी टोपली घेतली.

मेस्त्रीनं टॅक्सीचा गिअरबॉक्स दुसऱ्याला देऊन टाकला.

एकच कळत नाही. त्या दिवसापासून मामा आमची जुनी फाटकी डबी घेऊन बसलेत. तांबट आळीत जाऊन तिची कड सोडवून आणली. मागे पोलिसांचे रेनकोट शिवले त्यांचं रबरी कापड उरलं होतं, त्यातून गोल कापतात, पाण्यात बुडवून बघतात, फुंकून बघतात, टाकतात, पुन्हा कापतात. सात झाले. मी म्हणालो, मामा, आपली गाडी तर झाली की! म्हणतात, "एकीचे डोळे काढून दुसरीला लावले, याला शिवणं म्हणतात का?" मला वाटतं आपल्याच गाडीला जादा म्हणून करून ठेवतायत. म्हातारपणी माणूस साठवतो.

वेंकोबा

*

कार्ड
म्हैसूर, २६ ऑगस्ट १९७४

ती. मावशी, कार्डावर जागा कमी आहे म्हणून मुद्द्याचं. मामा-मामी आज पहाटे गाडी घेऊन गेले. मी विचारलं, नंजनगूड? तर म्हणाले, "नाही, ट्रायलला. गिऱ्हाईक लांबचं आहे, त्याला बोलावणं बरं नाही." बहुतेक पिरियापट्टणचं कुणी असेल. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. माझ्याकडे! मंगळूरच्या दोस्ताला नाही म्हणून कळवलं. शांताक्का आणि कृष्णवेणी बोलायला लागल्यात, आता दोघी मिळून मलाच बोलतात. जागा सं

*

धारवाड
२७ ऑगस्ट १९७४, संध्याकाळ

चि. वेंकोबा,

तुझं चौदा तारखेचं पत्र उशाशी ठेवलं आहे. उत्तर द्यायला उशीर केला. पूल चढलेला भाग वाचला की पुढे लिहायचं राहून जातं, पुन्हा तोच भाग वाचते. 'पकडलं' हा शब्द गुंडेराव कसा म्हणाले असतील ते मला इथे ऐकू येतं.

शेडचं दार हल्ली उघडंच ठेवते. गाडी पुसली. आत मात्र बसले नाही. बसायचं काय, ती जागची हलणार नाही हे माहीत असताना? तू लिहितोस की मामा पडदे कापत बसलेत. तुला वाटतं ते साठवतायत. मला वाटतं

थांब. बाहेर हॉर्न वाजला. हा हॉर्न मी ओळखते. आमच्याही गाडीला हाच आहे. चार वर्षांत ऐकला नव्हता, तर क्षणभर वाटलं, शेडमधूनच आला.

खिडकीतून बघते आहे. फाटकाशी धुळीनं पांढरी झालेली गाडी उभी आहे. धूर नाही. नागरत्ना उतरून कंबर धरून उभी आहे आणि नवऱ्याला म्हणते आहे, "दोन दिवस बसवलंत, आता उतरायला पण लावा हात!" गुंडेराव उतरले, उजवा पाय आधी, मग हातानं डावा. खांद्याला दुकानाची कापडी पिशवी, गळ्यात मापाची टेप तशीच, काढायची विसरलेत की काय. तिथूनच ओरडताहेत, "वहिनी! डबी आणलीय. शिवून पाठवून देणं आमच्यात नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर ट्रायल झाल्याशिवाय काम सुटत नाही!"

मी म्हटलं, बॅटरी मेली असेल. म्हणाले, आमची लावू. मी म्हटलं, अंधार होईल. नागरत्ना म्हणाली, "मग चहा नंतर कर, आधी चावी दे."

चावी देवघरात, घंटेच्या मागे आहे. ती हरवली नव्हतीच.

सुमित्राबाई